जरा मऊ स्प्रिंग पाठवावी

कर्जत,
आश्विन वद्य ४, शके १८५६

तीर्थस्वरूप अप्पामामांच्या चरणी भाचा हरी याचे शिरसाष्टांग दंडवत. आम्ही सारी इथे खुशाल आहोत. तुमची कंबर कशी आहे? मामींचा खोकला थांबला का? (मी पाठवलेले औषध त्यांनी घेतले नसेल तर तसे स्पष्ट कळवावे, म्हणजे खोकला राहिल्याचा ठपका माझ्यावर येणार नाही.) नवी मोटार घाटात तापते असे ऐकले. आई म्हणते, अप्पाही लहानपणी चढावर असाच तापायचा, तेव्हा काळजीचे कारण नाही.

पत्र लिहिण्यास कारण की, आमच्या शेजारच्या गौराबाई सोमवारी पुण्याला लेकीकडे येत आहेत आणि लेकीचे घर तुमच्या आळीत आहे. गौराबाईंच्या तोंडून निघालेली हकीकत मूळ हकिकतीपेक्षा नेहमीच अंगाने भरलेली असते. म्हणून मी आधीच लिहितो. मोटार आल्यावर तुम्ही आपली फटफटी मला दिलीत, तेव्हा घातलेली अट मी विसरलेलो नाही. एकदा जरी पडल्याचे कानावर आले तर फटफटी परत, असे तुम्ही भर स्टेशनावर चार लोकांदेखत बजावले होते. मामा, ही गाडी परत गेली तर आमचे काय होईल हे तुम्ही जाणताच. कशेळ्याच्या पलीकडच्या वाड्यांतल्या बाया पुरुष डॉक्टरला बाळंतिणीच्या झोपडीत पाऊल टाकू देत नाहीत. तिथे मालतीच लागते. तुमच्या भाचेसुनेने मुंबईस सुईणीचे रीतसर शिक्षण घेतले ते काय रांगोळ्या काढायला? पण बैलगाडीने तिथे पोचेपर्यंत सकाळची दुपार होते. गेल्या वर्षी एकदा असाच उशीर झाला. मालती घरी आली, हातपाय धुतले आणि न जेवता निजली. तेव्हा पुढील मजकूर कृपा करून शांत चित्ताने वाचावा, शक्यतो जेवण झाल्यावर.

दोष कोणाचाच नाही, दोष पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याचा आहे. तुम्ही गाडी दिलीत ती तुमच्या अंगाला बेतलेली होती. चिमट्यातली जाड स्प्रिंग तुमच्यासारखा भारदस्त माणूस बसला की जेवढी हवी तेवढीच दबते. तिच्या बगलेला त्या काळ्या चकत्या आहेत, एकमेकींवर घासून स्प्रिंगेला आवर घालणाऱ्या, त्याही तुम्ही पुण्याच्या सडकेला शोभतील अशा गच्च आवळलेल्या. इकडची सडक म्हणजे लोकल बोर्डाने खडी पसरली आणि ती दाबायचे काम आमच्यावर सोपवले. त्या सडकेवर पुढचे चाक जमिनीवर कमी आणि हवेत जास्त. माझ्या पेटीतल्या बाटल्या फुटून खोकल्याचे औषध आणि टिंक्चर यांचा असा काही संगम झाला की एका म्हाताऱ्याने तेच मिश्रण पुन्हा मागितले. सरळ रस्त्याला हे चालते हो. पण कशेळ्याच्या अलीकडे ओढ्यावरच्या मोरीपाशी ते उजवे वळण आहे ना, तिथे हँडल वळले तरी चाक उड्या मारत सरळच निघाले. वळायला चाकाने आधी जमीन धरावी लागते, एवढी साधी गोष्ट मला डॉक्टर होऊनही ठाऊक नव्हती. आम्ही बांधाला टेकून थांबलो. (थांबलो. पडलो नाही. गौराबाईंनी काहीही सांगितले तरी.)

मग मी चकत्या सैल केल्या. आता गाडी वळणाच्या तोंडाशी नाक खाली घाली, वळणात शिरली की वर काढी आणि मग खाली घालू की वर काढू अशा विचारात डुलत राही. हातगाडीवर लग्नाचे कपाट नेताना जशी सगळ्यांची नजर कपाटाकडे असते तशी माझी नजर त्या चिमट्याकडे असे. दुसरा शोध असा लागला की मागच्या बैठकीवर जड वजन असले की पुढचे चाक हलके पडते आणि वळण सोडून बाहेर बाहेर जाते. (मागे कसले वजन होते हा प्रश्न इथे गौण आहे.) चकत्या आवळायची फिरकी थोडी आवळ, थोडी सैल कर, असे करत आवळलेल्या आणि सैल यांच्या मधली एक जागा सापडली. तिथे खडबडही लागेना आणि डुलणेही थांबले. मोरीचे वळण निदान रस्त्यावर राहून घेता येऊ लागले. मी त्या जागेवर शेंदराची खूण केली आणि घरात दोन दिवस रुबाबात वावरलो.

इतक्यात खंडेनवमी आली. आईचा स्वभाव तुम्हाला मी काय सांगावा, थोरली बहीण तुमची. जे कुरकुरेल त्याला तेल, हा तिचा नेम. तिने पाळण्याच्या कड्यांना घातले, जात्याच्या खुंट्याला घातले, आणि तुमच्या मुंजीत भटजींच्या खडावांना घातले होते ते तुम्हीच सांगता. शस्त्रांची पूजा म्हणून तिने विळी, अडकित्ता, माझा स्टेथस्कोप आणि फटफटी ओळीने मांडली. दिव्याला झेंडूची माळ घातली, टाकीवर स्वस्तिक काढले, आणि चिमट्यातून कुरकुर येते म्हणून त्या काळ्या चकत्यांत घाण्याचे उत्तम तिळाचे तेल मनसोक्त सोडले. मला कोणी सांगितले नाही. मी फक्त एवढेच पाहिले की गाडी आता अगदी मुक्याने डुलते आहे, आणि मला वाटले की देवी प्रसन्न झाली.

दसऱ्याला कशेळ्याहून निरोप आला म्हणून आम्ही निघालो. त्या चकत्यांचे सगळे काम कोरडे राहून घासण्याचे. तेल लागल्यावर त्या एकमेकींवरून सुळसुळ सरकू लागल्या आणि स्प्रिंगेला कोणी वालीच उरला नाही. मोरीच्या वळणावर गाडीने अशा काही उठाबशा काढल्या की पुढचे मला नीट दिसले नाही (एरवीही दिसत नाही, का ते विचारू नये), आणि आम्ही बांध ओलांडून सोनुबाईंच्या पिकल्या भातात सर्वांगाने दाखल झालो. सोनुबाई विळ्याला धार लावत बांधावर बसल्या होत्या. उठल्यासुद्धा नाहीत.

"काय वं डाक्टर, कापणीला आजून आठ दिस हायेत. तुमी आजच उतारलात व्हय?" असे म्हणून त्यांनी मला सोडले आणि पुढे वाकून विचारले, "बाय, तुला लागलं नाय ना गं?" (मालतीही बरोबर होती, हे वर लिहायचे राहिले.) लागले कोणालाच नाही. भात मऊ असते. मी चष्मा शोधत होतो तेव्हा सोनुबाईंनी तो आपल्याच पदराने पुसून माझ्या हातात दिला आणि आपट्याची पानेही दिली. सण होता ना.

घरी येऊन चकत्या उघडल्या, रॉकेलने धुतल्या, अंगणात उन्हात वाळत घातल्या. आई त्या पापडांसारख्या मांडलेल्या चकत्यांकडे पाहून दोन दिवस माझ्यावर धुसफुसत राहिली. तेल वाया गेल्याचे तिला वाईट वाटले नाही, देवीच्या दिवशी घातलेले धुतले याचे वाटले. शेवटी मालतीने तिची समजूत घातली की सासूबाई, ही गाडी कुरकुरते तेव्हाच शुद्धीवर असते. हे आईला का कोण जाणे एकदम पटले. आपल्या घराण्यातले पुरुषही तसेच, असे काहीसे ती म्हणाली.

आणि मामा, आता खरी गोष्ट. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीहून चिमा धावत आली. तिची सून मंगळी अडली होती, मूल पायाळू. चकत्या कोरड्या होत्या, फिरकी शेंदराच्या खुणेवर होती. त्या दिवशी गाडीने मोरीचे वळण असे घेतले, असे घेतले मामा, की पुढचे चाक खडीला चिकटून, अंग आत झुकवून, एका दमात पार! मी मोरीवर उभा राहून पाहिले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले. (उभा कसा राहिलो ते ओघाने कळेल.) मंगळीला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. चिमाने काल करांद्यांची टोपली आणून दिली आहे, त्यातले निम्मे गौराबाईंबरोबर पाठवतो. उकडून मीठ लावून खावेत. त्या रात्री मालती दोनदा वाढून घेऊन जेवली. मी समोर बसून नुसता पाहत होतो, इतके बरे वाटले.

तर हकीकत ही अशी. पडलो म्हणायचे तर पडलो, पण ते तेलामुळे, आणि तेल तुमच्या बहिणीचे. आता गाडी न्यायची की ठेवायची हे तुम्ही ठरवावे. मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
हरी

ता. क. : एक किरकोळ काम होते. लष्कर भागातल्या तुमच्या ओळखीच्या कारागिराकडून पुढच्या चिमट्यासाठी एक मऊ स्प्रिंग मिळाल्यास पाठवावी. हल्लीची तुमच्या-माझ्यासारख्यांना ठीक आहे, पण माझ्या निम्म्या वजनाच्या माणसाखाली ती दबतच नाही. जमल्यास बैठकही चार बोटे खाली आणता येते का ते विचारावे. हे कोणासाठी, असे त्याने विचारले तर हवापाण्याच्या गोष्टी काढाव्यात.

आणखी ता. क. : आई सांगते आहे की तेल चांगले होते.

सौ. मालतीचा मामांना वाकून नमस्कार. पत्र पाकिटात घालायला म्हणून माझ्याकडे आले आणि मी वाचले. फटफटी मीच चालवते. ह्यांना वळणावर डोळे मिटायची सवय आहे, म्हणून श्रावणापासून हे मागे बसतात आणि माझ्या अंबाड्यावरून सल्ले देतात. ते मागचे जड वजन हेच. चकत्या मात्र ह्यांनीच लावल्या आणि चांगल्या लावल्या. मंगळीकडे जाताना मी ह्यांना मोरीपाशी उतरवले, म्हणून गाडी वळली आणि म्हणून मी वेळेवर पोचले. भातात पाडले ते मी. तुमच्या अटीप्रमाणे गाडी न्यायला दिवाळीत जरूर यावे. स्टेशनावर घ्यायला मी येईन, तुम्हाला मागे बसवून मोरीच्या वळणावरून फिरवून आणीन, मग काय ते ठरवा. मात्र स्प्रिंग आधी येऊ द्या, आणि सोनुबाईंचे भात कापून झाले की मगच निघा.