भिंगरीचं नाव पटावर

सोमवार, ता. ३

चि. धाकटीस,

थोरलीचे अ. आ. कागदावर पहिलं तेच लिहायचं असतं म्हणून लिहिलं, मनातून दिलेले नाहीत.

पोरीला शाळेतून काढलंस, आणि मला ते कळलं कुणाकडून, तर ट्रकवाल्या मामेभावाकडून. लॉन्ड्रीच्या दारात ट्रक उभा केला, इंजिन चालूच, आणि वरून ओरडून सांगतो की ताई, भिंगरी घरीच असते, धाकटी तिला घरीच शिकवते, सगळं फुकटात. माझ्या हातातली इस्त्री होती तिथेच राहिली आणि कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर तिचा ठसा उठला. मालक दिवसभर माझ्या मानगुटीवर बसला. ती बोलणी खरं तर तुझी, खाल्ली मी.

मामेभाऊ काय म्हणाला ते जसंच्या तसं लिहिते. पोरगी सकाळी तांदूळ मापते, ते गणित. साबणाचे उरलेले तुकडे वितळवून नवी वडी पाडते, ते विज्ञान. फाटक्या चादरीची फडकी शिवते, ते हस्तकला. मग बाई, मी तर जन्मभर कॉलेजातच होते म्हणायची. मी तांदूळ निवडायचे तेव्हा त्याला कुणी गणित म्हटलं नाही. पोरीला घरी ठेवायचं आणि हाताशी घ्यायचं ही रीत आपल्या घरात जुनीच आहे. तू तिला नवं नाव दिलंस एवढंच.

तुझं डोकं फिरलंय असं मी म्हणत नाही. मामेभाऊ म्हणाला, मी फक्त नाही म्हटलं नाही. आणि तुझा नवरा काय करतो? रंगारी माणूस, दिवसभर लोकांच्या भिंती बघतो, स्वतःच्या चार भिंतींत काय चाललंय ते कधी बघणार?

एक गोष्ट मात्र विचारते, रागातच विचारते. मामेभाऊ म्हणाला, भिंगरीने काठीच्या सावलीवरून पाण्याच्या टाकीची उंची काढली. टाकीवर न चढता. हे कसं? तो थापाड्या आहे हे मला माहीत आहे, पण इतकी अवघड थाप त्याला सुचायची नाही.

लोभ आहे. पुढे ठेवायचा की नाही ते तुझ्या उत्तरावर.

थोरली


शनिवार, ता. ८

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, पण मला नाही, भिंगरीला. आमच्याकडे वाचनाचा तास म्हणजे घरात जो कागद येईल तो. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, दुकानांच्या जाहिराती, वाचनालयातली पुस्तकं. त्या दिवशी तू आलीस. माझे हात पिठात होते, मी म्हटलं, मोठ्याने वाच. तिने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. ‘डोकं फिरलंय’पाशी थांबली, माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि पुढे गेली. वाचून झाल्यावर एवढंच विचारलं की मानगुट म्हणजे मानेचा नक्की कुठला भाग. दारात भाजीवाली उभी होती. तिने तर टोपली खाली ठेवून ऐकलं, आणि जाताना मला म्हणाली, तुमची ताई बोलते छान.

आता ऐक. नाव काढलेलं नाही. ते अजून पटावर आहे. मोठ्या बाईंनी या महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत सवड दिली आहे. तोवर पोरगी परत आली तर ठीक, नाहीतर नाव कमी होईल आणि जागा दुसऱ्या मुलाला जाईल. मग पुन्हा त्या शाळेत जागा मिळेल याचा भरवसा नाही. म्हणजे जे काय ठरवायचं ते याच महिन्यात.

घरी का ठेवलं, तर वर्षभर तिने वर्गात तोंड उघडलं नाही. खच्चून भरलेला वर्ग, बाईंना वाटलं गुणी मुलगी. निकालाच्या कागदावर कौतुकाने लिहिलं, ‘शांत आहे’. ताई, आपल्या भिंगरीला शांत म्हणणारं माणूस तू कधी पाहिलंस का? मग घरी आल्यावरही गप्प बसायला लागली तेव्हा माझा धीर सुटला. आता दिवसभर प्रश्न असतात. लिंबाच्या सालीने तांबं का उजळतं, वाळत घातलेल्या चादरीतलं पाणी जातं कुठे. ह्यांनी उरलेल्या रंगातून एक भिंत काळी रंगवून दिली आहे, दोघं भावंडं तिच्यावर लिहितात. वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर फुकट धडे असतात, ते आठवड्यातून दोनदा बघतो. जुन्या कॅलेंडरांची पाठ हीच आमची वही.

तांदूळ म्हणशील तर ढब्बूही मापतो. पाच वर्षांचा आहे, निम्मे सांडतो, मग सांडलेले मोजतो. पण तुझ्याशी खोटं बोलणार नाही. बुधवारी मी शेजारी शिवणाला जाते तेव्हा त्याला तीच सांभाळते. त्याला मी कुठला विषय म्हणत नाही.

सावलीचं तिने सांगितलं ते लिहिते. उन्हात काठी उभी धरायची. काठीची सावली काठीएवढी लांब झाली की त्या वेळी टाकीची सावलीही टाकीएवढीच असते. मग सावली मोजायची, टाकी नाही.

रागव, पण लिहीत राहा. तुझ्या पत्राशिवाय आमचा वाचनाचा तास कोरडा जातो.

तुझी धाकटी


बुधवार, ता. १२

चि. धाकटीस आणि चि. भिंगरीस,

दोघींना अ. आ., कारण पत्र कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही.

भिंगरे, मानगुट म्हणजे मानेची मागची बाजू. मांजर पिल्लाला उचलते ना, तिथे.

आता तुझ्या सावलीचं. आमच्या लॉन्ड्रीचं धुराडं जास्त उंच की समोरची तीन मजली इमारत, यावर माझी आणि घडीवालीची कधीपासूनची पैज आहे. घडीवाली म्हणजे कपड्यांच्या घड्या घालते ती, तोंडाने फाटकी पण माणूस चांगली. अंगणात झाडूची दांडी उभी केली. दांडीची सावली दांडीएवढी झाली आणि नेमका तेव्हाच मालक आला. झाडत होतो म्हटलं. मग जेवणं उरकून मी धुराड्याची सावली पावलांनी मोजली, तर आमचं धुराडं पत्र्याच्या छपराहून बुटकं निघालं. घडीवाली हसून हसून मळक्या चादरींच्या ढिगावर पडली. दिवसभर मला विचारत होती, ताई, धुराडं खाली वाकून धूर सोडतं का. तुझं गणित खोटं की माझी पावलं, ते कळव. मला झोप लागत नाही.

इथून पुढचं भिंगरीने वाचायचं नाही. कागद दुमडलाय.

धाकटे, वर्गात तोंड उघडत नव्हती हे मामेभावाने सांगितलं नव्हतं. ते वाचून माझा अर्धा राग गेला. अर्धा आहे अजून. आई आजारी पडली तेव्हा मला चौथीतून काढलं, तू रांगत होतीस. त्याचं रडगाणं मी कधी गायले नाही, आणि अभ्यासात मी होतेच ठोंब्या. पण चार वर्षं माझी बोलणी भांड्यांशी आणि तुझ्याशी झाली. भांडी उत्तर देत नव्हती आणि तू बोबडी बोलत होतीस. पुढे लग्न होऊन माणसांत आले तेव्हा चार बायकांत कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं तेच मला कळेना. म्हणून मी अशी फटकळ. लोकांना वाटतं स्वभाव आहे.

भिंगरी दिवसभर प्रश्न विचारते, हे झकास. पण विचारते कुणाला? तुला आणि ढब्बूला. तिच्या वयाचं कोण येतं घरी? ती भांडते कुणाशी? लिंबाच्या सालीशी कट्टी घेता येत नाही. याचं उत्तर दे, टाळाटाळ करू नकोस.

माया आहेच, तुम्ही ती वापरून संपवू नका.

थोरली


रविवार, ता. १६

ती. मावशीस,

सा. न.

तू दुमडलेलं मी वाचलं. आई म्हणते घरात येईल तो सगळा कागद वाचायचा. दुमडलेला नाही वाचायचा असं ती म्हणाली नव्हती.

तुझी पावलं बरोबर आहेत आणि गणित पण बरोबर आहे. तू जेवायला गेलीस तेवढ्यात सावली आखडली. दोन्ही सावल्या एकदम मोजायच्या असतात. एकीकडे तू जा आणि एकीकडे घडीवालीला पाठव. मालक आला तर दोघींनी झाडायचं.

मी ढब्बूशी भांडते. पण तो लगेच रडतो, म्हणून जिंकल्यासारखं वाटत नाही.

आमच्या काळ्या भिंतीजवळच्या खिडकीतून शाळेचं पटांगण दिसतं. माझ्या बाकावर बसायची त्या मुलीने मधल्या सुट्टीत नवा खेळ काढलाय. एकीने हात वर केला की सगळ्या पळतात. पण कधी कधी हात वर केला तरी पळत नाहीत, आणि जी पळते तिला हसतात. मी नियम लिहून काढले. दुसऱ्या दिवशी ते जुळले नाहीत. मग नवे लिहिले, तेही जुळले नाहीत. खिडकीपर्यंत आवाज येत नाही. मला वाटतं हात वर करणारी काहीतरी बोलते आणि तोच नियम आहे.

मला वर्गात परत बसायला नको. पण तो खेळ पाहिजे. आईला सांगितलं तर तिला वाटेल मला घरी आवडत नाही. मला घरी आवडतं.

हे पत्र आईने वाचलेलं नाही. पाकीट मी भाताने चिकटवलं.

मांजरीचं मी करून बघितलं. ढब्बू उचलला गेला नाही.

तुझी भिंगरी


गुरुवार, ता. २०

चि. धाकटीस,

अ. आ., या खेपेला मनापासून.

भिंगरीचं पत्र आलं. काय लिहिलंय ते विचारू नकोस, मी सांगणार नाही. जे पाकीट भाताने चिकटवलं जातं ते एकाच माणसासाठी असतं. तुझ्याबद्दल वाईट एक अक्षर नाही, एवढ्यावर निश्चिंत राहा.

धुराडं पुन्हा मोजलं. मी धुराड्यापाशी, घडीवाली दांडीपाशी, तिने शिट्टी मारली की मी पाऊल टाकायचं. दुसऱ्या दिवशी समोरची इमारतही तशीच मोजली. धुराडं इमारतीहून उंच निघालं. घडीवाली हरली आणि आता म्हणते, चंद्र किती लांब आहे ते तुमच्या भाचीला विचारा. विचारून ठेव, मलाही ऐकायचंय.

आता कामाचं. तू म्हणतेस घरी बरं. मी म्हणत होते शाळा बरी. मोठ्या बाई म्हणतात शनिवार. सगळे म्हणतोय. जी पोरगी दिवसभर शंभर प्रश्न विचारते, तिला आपण दोघींनी मिळून एक विचारलेला नाही. तू तिला घरी आणलंस तेव्हा विचारलं होतंस का? नसशीलच विचारलं, तुझा धीर सुटला होता. मीही पहिलं पत्र तुझ्यावर फेकलं, तिला विचारावं हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

तेव्हा सांगते तसं कर. पत्र मिळेल त्या दिवशी शिवण राहू दे, ढब्बूला तुझ्या रंगाऱ्याकडे दे, त्याला रंगात बुडवला तरी चालेल. मोठ्या बाईंना गाठ आणि मागून घे, की पोरगी मधल्या सुट्टीत पटांगणात येईल. फक्त मधल्या सुट्टीत, वर्गात नाही. नियमात बसत नाही म्हणाल्या तर म्हणावं, पटावर नाव आहे, तिला पटांगणातून हाकलता कसं येईल. यावर त्यांना उत्तर सुचेपर्यंत सुट्टी संपेल. तू भिंतीशी उभी राहा. ती खेळात शिरली तर मध्ये पडू नकोस. नुसती उभी राहिली तरी पडू नकोस. कुणी तिला हसलं तरीही तुझी जीभ आवर, हे मी तुला सांगतेय यावरून समज किती महत्त्वाचं आहे.

असे तीन-चार दिवस जाऊ देत. मग तिला समोर बसवून विचार, नाव ठेवायचं, काढायचं, की तिला आणखी तिसरंच काही सुचतंय. तिसरं सुचलं तर मोठ्या बाईंशी भांडायला मी आहे. पण तुझं उत्तर मला नको, तुझ्या नवऱ्याचंही नको. तिने लिहायचं, तिच्या हाताने, आणि तू मागे उभी राहून वेलांट्या सुधारायच्या नाहीत.

पुढच्या शनिवारी, ता. २९ ला, नाव कमी होणार. तिचं पत्र त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारच्या टपालात माझ्या हातात पडलं पाहिजे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आलं नाही, तर शनिवारी सकाळी मी मामेभावाच्या ट्रकमधून शाळेच्या फाटकाशी उतरते आणि पोरीला मीच विचारते, सगळ्यांसमोर. तुला ते परवडणार नाही. शुक्रवार म्हणजे शुक्रवार.

थोरली