तारा उंचच राहू द्या

बेलापूर, ता. श्रीरामपूर
दि. २२ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू स्पीकर लावतोस, मधेमधे हां हां करतोस आणि मला सांगायचं ते राहूनच जातं. पत्र मधेच तोडता येत नाही. शिवाय मी पोस्टाच्या खिडकीत बसून दिवसभर लोकांची पार्सलं आणि बँकांच्या नोटिसा हाताळते. त्यात घरचं एक तरी पाकीट पडू दे.

आप्पा बरे आहेत. जेवण ठीक, झोप ठीक. दिवसातून चार वेळा एकच प्रश्न, गिटार कुठवर आली. दिवाळीच्या सुट्टीत तू गाडीत घालून पुण्याला नेलीस तेव्हापासून त्यांना घर रिकामं वाटतंय. दुरुस्तीचे आठ हजार होतील हे तुझं बोलणं मी त्यांना सांगितलं, तेव्हा ते उडालेच. म्हणाले, एवढ्यात शेळी येती. रात्रभर धुसफुसले आणि सकाळी पेन्शनीतले पैसे माझ्यापुढे ठेवून म्हणाले, पाठव त्याला, शेळी काय आईचं गानं वाजवनारय व्हय? पैसे त्याच दिवशी तुझ्या खात्यावर टाकलेत. मिळाल्याचं कळवलं नाहीस, पण तुझी ती सवयच आहे.

दादा, १९ जानेवारीला आईला जाऊन वर्ष होतंय. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरलाय. आईने साक्षरतेच्या वर्गात सही शिकल्यावर स्वतः रचलेलं ते गाणं आठवतंय ना? आपल्या गायन पार्टीत ती उभी राहून म्हणायची, पुंजाराम मामा ढोलकीवर असायचे आणि आप्पा मागे बसून गिटार वाजवायचे. आता तिच्या जागी कुणी गायचं नाही, असं आप्पांनी सगळ्यांना बजावलंय. शब्द कुणीच म्हणायचे नाहीत, ते नुसती चाल वाजवणार. वर्षभरात त्यांनी स्वतःहून काही मागितलं असेल तर हे एवढंच.

म्हणून त्या दुकानदाराला नीट समजावून सांग. ही गळ्यात अडकवून बोटांनी वाजवायची गिटार नाही. आप्पा ती मांडीवर आडवी ठेवतात आणि कारखान्यातल्या लेथवर वळवून घेतलेली पोलादी सळई तारांवरून फिरवतात. त्यासाठीच दांडीच्या टोकाला लोखंडी पट्टी घालून तारा उंच केल्यात. आप्पांचा निरोप जसाच्या तसा लिहिते: तारा उंच हायेत त्या उंचच ऱ्हाऊ दे म्हनावं, खाली घेतल्या तर सळई खडखडंल. तारा अडकवायची खालची घोडी उखडलीय ती चिकटवायची, पोटाची चीर बुजवायची, दोन खुंट्या बदलायच्या. बाकी कशाला हात लावायचा नाही.

वहिनींना जय भीम. मितूचा वाढदिवस जवळ आलाय, तिच्यासाठी शेवेचे लाडू पाठवतेय, तू वाटेत संपवू नकोस. आठवण ठेवावी, ही विनंती.

तुझी,
जयमाला


पुणे
दि. ८ डिसेंबर २०२४

प्रिय जयू,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मिळालं. ऑफिसात पाकीट फोडलं तर आजूबाजूचे लोक बघायला लागले, म्हणून लगेच उत्तर लिहितोय. लाडू मिळाले, अर्धे वाटेत संपले हे खरं आहे.

गिटारचं काम चालू आहे. दुकानदार म्हणतो की जुनं लाकूड, नुसतं चिकटवून भागणार नाही, पूर्ण सेटअप करावा लागेल. दांडी सरळ करणं, तिच्यावरच्या धातूच्या पट्ट्या घासणं, तारांची उंची बघणं असं सगळं त्यात येतं. अकरा हजारांवर जातंय. वरचे पैसे मी घालतो, आप्पांना सांगू नकोस. पुण्यात कुठल्याही कारागिराचा हात लागला की एवढे होतातच.

एक बोलू का, रागावू नकोस. आप्पांनी पंचाहत्तरी ओलांडलीय. दिवाळीत चहाचा कप धरताना त्यांचा हात कापत होता, तूही पाहिलंस. भर विहारात चुकलं तर त्यांनाच वाईट वाटेल. आईचं गाणं पुंजाराम मामांच्या मुलाच्या मोबाईलमध्ये आहे, ते स्पीकरवर लावलं तर कार्यक्रम व्यवस्थित होईल. तू हळूहळू त्यांच्या कानावर घाल, तुझं ऐकतात.

वस्तू वापरात राहिली पाहिजे, असं मला वाटतं. पेटीत पडून तिचं वाटोळंच झालं होतं. दुकानातून आली की कळवतो. तू आहेस म्हणून मी इथे निर्धास्त आहे, तशीच राहा.

तुझा दादा,
सम्राट


पुणे
दि. २० डिसेंबर २०२४

तीर्थरूप आजोबांस,
सा. न. व जय भीम.

आमच्या मराठीच्या बाईंनी सातवीतल्या सगळ्यांना आजी-आजोबांना खरं पत्र लिहून पेटीत टाकायला सांगितलं आहे. बाईंनी साष्टांग नमस्कार लिहायला शिकवलं, पण आपण घरी जय भीम म्हणतो, म्हणून मी दोन्ही लिहिलं.

आजोबा, तुम्ही माझ्या वाढदिवसाला तुमची गिटार मला दिलीत, त्याबद्दल मी तुमची खूप खूप आभारी आहे. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी केकसुद्धा नीट खाल्ला नाही. पप्पा म्हणाले की आजोबांना आता वाजवता येत नाही, म्हणून त्यांनी ती तुझ्यासाठी ठेवली होती. आधी तारा खूप उंच होत्या, माझी बोटं दुखायची. पप्पा मला घेऊनच दुकानात गेले आणि काकांना म्हणाले की हिच्या बोटांना झेपतील एवढ्या खाली घ्या. काकांनी टोकाची लोखंडी पट्टी काढून टाकली. आता तारा अगदी मऊ लागतात. पट्टासुद्धा बसवून दिला, काळा. सोसायटीच्या कार्यक्रमात मी दोन गाणी वाजवली. आमचे गिटार क्लासचे सर म्हणाले, असं लाकूड आता मिळत नाही.

तुम्ही कशी वाजवायचात ते मला शिकवाल का? आत्याला माझा नमस्कार सांगा.

तुमची लाडकी नात,
संघमित्रा (मितू)


बेलापूर
दि. २७ डिसेंबर २०२४

दादा,
जय भीम.

मितूचं पत्र आलं. माझ्याच खिडकीत आलं, मीच त्यावर शिक्का मारला. नातीचं पत्र म्हणून किती हौसेने घरी नेलं! आप्पांच्या हातात चहा दिला, समोर बसले आणि मोठ्याने वाचायला लागले. तुझं कारस्थान तू माझ्या तोंडून त्यांच्यापुढे वाचून घेतलंस, दादा. अर्ध्यात मला कळलं की मी काय वाचतेय. तोवर थांबायची सोय उरली नव्हती, कारण आप्पा म्हणत होते, फुडं वाच.

मी शेवटपर्यंत वाचलं. त्यांनी केकाचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं आणि हसले. म्हणाले, पोरीचं अक्षर लई चांगलं हाय. मग बाहेर जाऊन कुंपणाच्या झाडांना पाणी घालत बसले, सकाळी एकदा घातलेलं असताना. परत आले तेव्हा मला म्हणाले, जयू, मला वाजवता येत न्हाई हे मला कुनी सांगितलंच न्हाई.

तुला ठाऊक होतं. माझ्या पत्रात मी शब्दन् शब्द लिहिला होता. तू ते पत्र वाचलंस, लाडवांवरून चेष्टाही केलीस, आणि त्यांच्याच पेन्शनीच्या पैशांनी त्यांचीच गिटार त्यांना वाजवता येणार नाही अशी करून घेतलीस. वर मला सांगतोस की हळूहळू त्यांच्या कानावर घाल. कशासाठी ते आता कळलं. मोबाईलवर गाणं लावायचं म्हणे!

मला पोरीचा राग नाही. ती बिचारी आभार मानतेय. तिच्याकडूनच वस्तू परत मागावी लागेल अशा कोंडीत तू आप्पांना धरलंस, आणि ते मागणार नाहीत हेही तुला पक्कं माहीत होतं. म्हणून मी मागते. १९ तारखेला गिटार विहारात हवी. तारा उंच करून हवी. त्यानंतर तुझ्या घरी ने, काय वाट्टेल ते कर. त्या एका दिवसापुरती ती आप्पांची आहे.

तुझी बहीण,
जयमाला


पुणे
दि. ३ जानेवारी २०२५

प्रिय जयू,
जय भीम.

एवढं टोचून लिहायची गरज नव्हती. मी गिटार विकून खाल्ली नाही, घरातल्याच मुलीला दिली. मितू विचारायला आली असती तर आप्पा नाही म्हणाले असते का? विचारायचं राहून गेलं, एवढंच. तिने वाढदिवसाला गिटार मागितली, चांगली घ्यायची तर वीस-पंचवीस हजार लागतात, आणि ही समोर होती. घराचे हप्ते कसे जातात ते तुला तिथे बसून कळायचं नाही.

आप्पांना सांग, १९ ला आम्ही सगळे येतोय, गिटार घेऊन येतोय. तारा परत उंच करून आणतो, शब्द देतो. दुकानदाराशी बोलतो. आता झालं गेलं विसर आणि माझ्यावरचा राग थोडा कमी कर, भाऊ एकच आहे तुला.

तुझा,
सम्राट


बेलापूर
दि. २३ जानेवारी २०२५

चि. सम्राट यास,
आप्पांचे जय भीम व आशीर्वाद.

जयू लिहिणार होती. मी तिला लिहू दिलं नाही. माझं अक्षर जरा वाकडं येतं, पण हात थरथरतो म्हणून नाही. शाळा कमी झाली म्हणून ते पहिल्यापासूनच तसं आहे.

तू शब्द दिला होतास, म्हणून मी निर्धास्त होतो. सळई आदल्या दिवशी राखेने घासून ठेवली. पुंजारामने ढोलकी बांधून आणली होती. वंदना झाली, दोघंतिघं बोलले, मग तू स्वतः उठून गिटार माझ्या मांडीवर आणून ठेवलीस. अगदी नीट, दोन्ही हातांनी. तेव्हा मला एक शब्द सांगितला असतास तरी चाललं असतं. मी तारांकडे पाहिलंच नाही. मी तुझ्या आईच्या फोटोकडे पाहत होतो.

सळई टेकवली आणि खडखड झाली. वाटलं, माझा हात जड पडला. पुन्हा टेकवली, पुन्हा तेच. हलकी धरली तर सूर निघेना, दाबली तर दांडीवरच्या पट्ट्या वाजत होत्या. पुंजाराम थांबला. सगळा विहार माझ्याकडे बघत होता. मी मान वर करून तुझ्याकडे पाहिलं. तू मोबाईलमध्ये पाहत होतास.

मितू माझ्या शेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली की तारा पुन्हा वर करायचे आणि नंतर परत खाली घ्यायचे तीन-तीन हजार लागतात, तिचा क्लासचा कार्यक्रम दोन दिवसांवर होता, म्हणून पप्पा म्हणाले, दोनदा खर्च कशाला, आजोबा घेतील जमवून. पोरीने खरं ते सांगितलं. तिला वाटलं, आजोबांना हे माहीत असेल.

मी जमवून घेतलं. गिटार बाजूला ठेवली आणि लोकांना सांगितलं की माझाच हात आता चालत नाही, म्हातारा झालो, माफ करा. लोक हळहळले. शेजारच्या रंगुबाईने डोळ्याला पदर लावला. पुंजाराम जवळ येऊन माझा हात हातात घेऊन बसला, इतकी वर्षं सोबत वाजवलं म्हणून. माझा हात चांगला आहे, सम्राट. काल घरी कोऱ्या पाटावर सळई फिरवून पाहिली, सगळ्या जागा जिथल्या तिथे येतात.

तू पोरीला सांगितलेलं खोटं मी भर विहारात, तुझ्या आईच्या फोटोपुढे, माझ्या तोंडाने खरं केलं. ते केलं नसतं तर तुला तुझ्या पोरीदेखत खोटं पाडावं लागलं असतं. ते मला जमलं नाही. आता गावात कुणी मला वाजवायला बोलावणार नाही. पुंजारामने ढोलकी मुलाकडे दिली असं ऐकतो.

निघताना मितूच्या डोक्यावर हात ठेवून मी तिला म्हणालो की गिटार तुझी, सुखाने वाजव. ती मी त्या वेळी दिली. त्याआधी दिली नव्हती, हे तुला आणि मला माहीत असू दे, तिला सांगू नकोस. सळई माझ्याजवळ आहे, ती मात्र मागायला येऊ नकोस.

तुम्ही जेवण करून लगेच निघालात, गाडीत बसताना तू जयूला म्हणालास की कार्यक्रम छान झाला. तुझ्या आईचं गाणं यंदा झालं नाही. ते तुझ्या ध्यानात आलं होतं का, एवढं उलट टपाली कळव.

तुझे,
आप्पा