परत ठेवलेली काडी

बाबा,

वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही. लिहवत नाही.

जेवण झालं की तुम्ही काडेपेटीतल्या काडीने दात कोरायचात आणि ती ओली काडी परत पेटीत ठेवायचात. वर म्हणायचात, "पेटते ना अजून?" आई ओरडायची, मला ओकारी यायची. तुम्ही दुसरीकडे संसार थाटलात तेव्हा वाटलं, चला, निदान काडेपेटी तरी स्वच्छ राहील.

आज हॉस्टेलवर मैत्रिणीने स्टोव्ह पेटवायला काडी काढली आणि किंचाळली, "शी! ही कोणी चावली?"

मीच. अभ्यासाच्या तंद्रीत. मोठं होणं म्हणजे तुमच्यापासून लांब जाणं, असं समजत होते मी! साबणाने तोंड धुतलं, तरी शिसारी जाईना.

चिडून आईला फोन केला. वाटलं, तीही शी म्हणेल. ती हळूच म्हणाली, "आणि परत पेटीत ठेवलीस?"

तुम्ही गेल्यापासून तिचा इतका आनंदी आवाज ऐकला नव्हता. त्या आवाजाचीच मला सगळ्यात जास्त किळस आली.

हे पत्र टाकणार नाही. वाचून तुम्हीही खूश व्हाल.

तुमच्याच वळणावर गेलेली,
मुलगी