बागेकडे तोंड करून

४ जून

ती. आत्यास,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि. (पाठ दुखतेय, म्हणून साष्टांग कागदावरच घे.)

नोकरी छान चालली आहे, पण नोकरीपर्यंत पोचणं हीच एक दुसरी नोकरी झाली आहे. बागेपाशी बस पकडायची, बाजारात उतरायचं, तिथून दुसरी पकडायची. सव्वा तास सहज जातो, त्यातला बराचसा एका पायावर. गंमत म्हणजे आमचं ऑफिस शहरातल्या बसथांब्यांचेच नकाशे काढतं, आणि त्या ऑफिसात बसने येणारी मी एकटी!

मोठे साहेब स्वतःच्या गाडीतून येतात, सोबत तिघे सीनियर. ऑफिसचं खरं कामकाज त्या गाडीतच उरकतं. आम्ही टेबलाशी बसेपर्यंत सगळं ठरलेलं असतं. मी काढलेला नव्या थांब्याचा नकाशा कधीचा पडून आहे. मला कायम करायचं की नाही, हेही बहुधा तिथंच ठरेल. आता त्या तिघांतले एक निवृत्त होताहेत, आणि काल साहेबांनी मला विचारलं की रिकाम्या जागेवर येतेस का, तुझ्या घरावरूनच जातो. काय सांगू?

उत्तराच्या पाकिटात थोडा लोभही घाल.

तुझी भिंगरी


११ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

अगं, विचारतेस काय? बस जाऊन! मी जन्मभर शिवणाच्या कारखान्यात उभ्याने गेले आणि उभ्यानेच आले. गर्दीत चप्पल एकीकडे आणि मी एकीकडे. तुला शिकवलं ते काय लोंबकळायला? आता मोठ्या माणसांच्या मांडीला मांडी लावून बस, आणि तिथं गप्प राहू नकोस. लहानपणी तुझ्या तोंडाला कंटाळून घरी येणारे-जाणारे हात जोडायचे. ते तोंड आता उघड, पण जपून. तू कायम झाल्याचा कागद येईपर्यंत माझ्या जिवाला घोर आहे. तुझे आईबाप गेल्यापासून मी एवढ्याच एका गोष्टीची वाट बघतेय.

शेजारणीला मी आधीच सांगून बसलेय की भाची साहेबांच्या गाडीतून जाते. मला खोटं पाडू नकोस.

पाठीला शेक घे, माया आहेच.

आत्या


२० ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आत्या, माझ्या हातून मोठा घोटाळा झालाय.

गाडीत सुरुवातीला नुसती चैन होती. घराच्या दारातून उचलायचं आणि अर्ध्या तासात ऑफिसच्या दारात सोडायचं. पाठ दुखायची थांबली. आठवडाभरात माझा नकाशा बोलण्यात निघाला. आम्ही बागेपाशी लाल दिव्याला थांबलो होतो, माझ्या रोजच्या थांब्यासमोरच. साहेब म्हणाले की नकाशा ठीक आहे, पण त्यात काहीतरी नवं पाहिजे. मी काचेतून फुलं बघत होते, आणि बोलून गेले की बाकाचं तोंड रस्त्याकडे कशाला, बागेकडे करू या. माणसं धूर बघण्यापेक्षा झाडं बघतील. काय ती वाहवा! दिवा हिरवा व्हायच्या आत सगळं ठरलं. साहेबांनी वरच्यांना ती स्वतःचीच कल्पना म्हणून सांगितली, शहरभर असेच थांबे करायचं नक्की झालं, आणि पहिला नमुना त्या बागेपाशीच उभा केला.

गेल्या रविवारी गाडी नव्हती म्हणून मी तिथं बस घ्यायला गेले. सगळे रस्त्याकडे पाठ करून बसलेले, पाठीमागं फळ्यांची उंच भिंत. बस आली आणि निघून गेली. ड्रायव्हरला कोणी दिसलं नाही, आणि बस कोणाला दिसली नाही. दवाखान्यातल्या एक सिस्टर रात्रपाळी करून आल्या होत्या, बिचाऱ्या शेवटी पायी घरी गेल्या. इतके महिने त्याच जागी मान वाकडी करून मी बसची वाट बघितली, आणि आठवडाभर गादीवर बसले तर ते आठवलंसुद्धा नाही! लाज वाटते गं.

सांगावं तर साहेबांचं वरच्यांसमोर हसं होणार, आणि माझ्या कागदावर सही त्यांचीच हवी. पुढच्या महिन्यात बाकीचे थांबे उभारायला घेतील. काय करू?

रागाव, पण लोभ आटू देऊ नकोस.

भिंगरी


२४ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
या वेळी आशीर्वादाआधी एक धपाटा घे.

अगं शहाणे, बस कुठून येते ते बघायचं नसेल तर माणूस थांब्यावर जातो कशाला, हवा खायला? बाही उलटी लागली की उसवायची, आणि तीही गिऱ्हाइकाच्या अंगात सदरा जायच्या आत. आमचा मुकादम उसवताना बघून आकांडतांडव करायचा, पण उलट्या बाहीचा सदरा मी कारखान्याबाहेर जाऊ दिला नाही. तुझे साहेबही ओरडतील. ओरडू देत. फक्त चारचौघांत त्यांचा पाणउतारा करू नकोस.

नोकरीचं म्हणशील तर मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? तरी तू सांगच. नोकरी गेलीच तर घरी ये. दोन मशिनी आहेत, एकीवर तू बस. बाह्या मात्र मीच लावीन, तुझा भरवसा नाही.

धपाटा विसर, आशीर्वाद ठेव.

आत्या


३० सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि. (आज अगदी खराखुरा साष्टांग.)

साहेबांना मी गाडीत नाही, त्यांच्या टेबलाशी जाऊन सांगितलं. कल्पना माझी होती आणि ती चुकली, हे आधी म्हटलं. वरून शाबासकी मिळालेली गोष्ट बदलणार नाही, असं त्यांनी ठणकावलं. मग मी म्हटलं की एक दिवस गाडीतले आपण चौघं त्याच थांब्यावरून बसने येऊ. बस चुकली नाही तर पुन्हा अवाक्षर काढणार नाही. एवढंच ना, म्हणून ते हसत तयार झाले.

सोमवारी चौघं ओळीने बाकावर बसलो. मी झाडं बघत बसले. त्या तिघांचं ऑफिस नेहमीसारखं सुरू झालं. पाठीमागून एक बस गेली, दुसरी गेली, आणि तिसरीही गेली तेव्हा साहेबांनी घड्याळ बघितलं. त्या दिवशी वरच्यांबरोबर त्यांची बैठक होती! आत्या, मग ते ताडकन उठून रस्त्यात जाऊन उभे राहिले, मान वाकडी करून, छत्री हलवत. पुढची थांबली, पण आत पाय ठेवायला जागा नव्हती. दांड्याला लटकून ते एवढंच म्हणाले की बाक फिरवा.

नंतर आठवडाभर ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. दुसऱ्या मशीनला तेल घालून ठेव, असं मी तुला लिहिणारच होते. पण काल कागद आला. मी कायम झाले! सही त्यांचीच. नकाशेही आता टेबलावर ठरतात, मला समोर बसवून. गाडीतली जागा मात्र दुसऱ्याला दिली. शेजारणीला काय सांगायचं ते तुझं तू बघ.

आज सकाळी थांब्यावर गेले तर बाक फिरवून झाला होता, फळ्या बागेच्या बाजूला. जाड चष्म्याच्या एक बाई तावातावाने सगळ्यांना ऐकवत होत्या की गाड्यांतून फिरणाऱ्या या साहेबलोकांना काही कामधंदा नाही. एवढे दिवस ठोकाठोकी केली, रस्ता खणला, आणि शेवटी बाक बघा, होता तसाच. मी म्हटलं, अगदी खरं बोललात.

तुझा लोभही होता तसाच असू दे.

भिंगरी