अव्वाच्या परसातलं वर्तमान

खटकचिंचोळी,
ज्येष्ठ शुद्ध पंचमी, शके १८७०

प्रिय भगवान,

तुरुंगातून तुझं पत्र आलं. पायावरची सूज उतरली हे वाचून जीव थाऱ्यावर आला. परसाची हकीकत कळव म्हणालास, म्हणून तिथूनच सुरू करते. पाऊस अजून नाही. आडाचं पाणी तळाला गेलंय. एक घागर भरायची तर पोहरा सहा वेळा सोडावा लागतो. तरी दोडक्याचा वेल माळवदावर चढलाय, पिवळाधमक फुललाय. कारल्यानं मात्र उन्हापुढं हात टेकले. भेंडी दिवसाआड परडीभर निघते. मोगरा यंदा इतका आला, की गल्लीतल्या पोरी ओंजळी भरभरून नेतात. अव्वा आणि मी दोघी विधवा, आपल्या घरात तो माळणारं कोणी नव्हतंच.

वांग्याचा वाफा अव्वानं माघात केला, संस्थानाविरुद्धच्या सत्याग्रहात तुला धरून नेलं त्याच आठवड्यात. लेक सुटून येईपर्यंत वांगी धरतील, असा तिचा हिशेब. वैशाखात रोपांवर तुरीच्या तुऱ्हाट्यांची सावली केली आणि स्वतः भर दुपारी नुसता पदर डोक्यावर घेऊन किडकी पानं खुडत बसायची. मी ओरडले की म्हणायची, "कामून वरडायलीस? माझं लेकरू कोठडीत उकडायलंय, अन् मी सावलीत बसू व्हय?" मग मी गुपचूप तिच्यापाशी पाण्याचा तांब्या ठेवून यायची.

अक्षय तृतीयेनंतर पाचव्या दिवशी ती त्याच वाफ्यात घेरी येऊन पडली. ताप चढला तो उतरेना. भालकीहून वैद्य आणले. त्यांनी नाडी पाहिली आणि माझ्याकडं न बघताच पुड्या बांधल्या. अशात चौथ्या दिवशी अंमलदाराचा निरोप आला, की मुलानं माफीनामा लिहून दिला तर आईला भेटायला सोडतील. आप्पाराव काका तुला गाठायला गुलबर्ग्याच्या तुरुंगाकडं निघालेच होते. अव्वानं त्यांना अंथरुणावरून हाक मारून थांबवलं. "त्याला सांगाल तर माझी आण हाय. माझ्यापायी तो लिहून देईल, अन् जन्मभर खाली मान घालून फिरंल. न्हाई कळवायचं." काका डोळे पुसत परत फिरले.

पण ऊन कललं, ताप वाढला, की तीच दाराकडं बघून विचारायची, "भगवान आला का गं?" मी म्हणायची, येतोय. सकाळी शुद्धीवर आली की पुन्हा मला आण घालायची. असे अकरा दिवस काढले. दोनदा तुला लिहायला कागद घेतला, दोन्ही वेळा तो चुलीत घातला.

भगवान, वैशाख वद्य सप्तमीला सकाळी अव्वा गेली. अग्नी काकांनी दिला. काल तेरावा झाला. आता तिच्यासाठी तुला कोणी काही लिहायला लावू शकत नाही, म्हणून आज कळवते आहे. शुद्धीतली अव्वा खरी की तापातली, हे मला अकरा दिवसांत ठरवता आलं नाही. मी शुद्धीतलीचं ऐकलं. तू माझ्या जागी असतास तर कुणाचं ऐकलं असतंस, तेवढं मला कळव. रागानं लिहिलंस तरी चालेल, पण लिही.

तुझीच,
अक्का