मॅगझिन जमिनीला लागू नये म्हणून

रविवार, ४ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.

क्लबच्या पिस्तूल नेमबाजीच्या मॅचमध्ये पाचवा. नेनेत चौथी. फरक सव्वा सेकंदाचा. सख्ख्या मेहुणीकडून हरलो याचं काही नाही. पण तिच्या पिस्तुलाच्या मॅगझिनांना, गोळ्या भरायच्या त्या डब्यांना, सुक्या मासळीचा वास येतो. मासळीबाजारातून उठून ती थेट रेंजवर येते.

हरण्याचं कारण सापडलं : तीन नंबरचं मॅगझिन. आमच्या रेंजवर प्रवाळाची खडी आहे. रिकामं मॅगझिन पिस्तुलातून खाली सोडायचं, पळता पळता दुसरं घालायचं, ही सगळ्यांची पद्धत. म्हणूनच सगळ्यांच्या मॅगझिनांना पोचे. वरचे दोन ओठ, जिथून गोळी बाहेर सरकते, ते आपटून वाकले की गोळी अडकते. आज माझी अडकली. मर्लिंडाचं म्हणणं, काही अडकलं नाही, मी दोन निशाणं चुकवली. बायको रेंज ऑफिसर असली तरी तिच्या हातात टायमर असतो. मॅगझिनच्या पोटात काय चाललंय ते तिला कुठून दिसणार?

२५ तारखेला निवड. एप्रिलमध्ये बाकोलोदची चौघांची टीम समुद्रापलीकडे इलोइलोला स्पर्धेला जाणार. तिघं ठरलेले आहेत. चौथा मी.

निश्चय : आजपासून माझं एकही मॅगझिन जमिनीला लागणार नाही.

मंगळवार, ६ फेब्रुवारी.

आठही मॅगझिनं सुटी करून दवाखान्यातल्या अल्ट्रासोनिक मशीनमध्ये घातली. दातांची हत्यारं त्यातच धुतो. लोखंड ते लोखंड. मुख्याध्यापिका दुमानकास बाई तोंड उघडं ठेवून खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी खुणेने विचारलं, कसला आवाज? म्हटलं, निर्जंतुकीकरण. खोटं नव्हतं. स्प्रिंगा पुसून होईपर्यंत बाईंची भूल उतरली. पुन्हा दिली.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी.

व्हर्नियरने मोजलं. तीन नंबरचे ओठ केसभर फाकलेत. पाचचेही. पक्कडीने आत घेतले. तेवीस वर्षं लोकांचे वाकडे दात सरळ करतोय, हे तर पत्र्याचं काम.

गेले दोन महिने उसाच्या फडांची राख हवेत आहे. खिडक्या बंद ठेवायला सांगितल्या. मर्लिंडा म्हणाली, उकडतंय. म्हटलं, पंखाही नको.

रविवार, ११ फेब्रुवारी.

सराव. पाहुण्यांच्या खोलीतल्या दोन्ही गाद्या रेंजवर नेल्या. जिथे जिथे मॅगझिन बदलायचं तिथे अंथरल्या. मऊ पडतं, आवाजही नाही. वेळ आजवरची सर्वांत चांगली. लोक हसले. हसू देत.

नेनेतने विचारलं, मानोंग, अंगाई पण म्हणायची का? मानोंग म्हणजे दादा. मान तेवढाच. तिचं मॅगझिन खडीवर आपटलं, तिने उचलून पँटला पुसलं आणि पुन्हा भरलं. एकदाही अडकलं नाही. नशीब.

बुधवार, १४ फेब्रुवारी.

जेवायला बाहेर न्यायचं राहून गेलं. पाच नंबरची स्प्रिंग बसत नव्हती. मर्लिंडाने घरीच भात आणि तळलेला मासा वाढला. जेवताना म्हणाली, तुझं लक्ष हल्ली खाली असतं. मॅगझिन कुठे पडतंय ते बघत राहतोस. मी म्हटलं, मी नेहमी पुढेच बघतो. ती म्हणाली, टायमर माझ्या हातात असतो, पण डोळे तुझ्यावर असतात.

ती उगीच काळजी करते. निवड जवळ आली की घरच्यांवर ताण येतोच.

रविवार, १८ फेब्रुवारी.

मॅचमध्ये गाद्या चालणार नाहीत, असं क्लबने लेखी कळवलं. कुणी तक्रार केली ते मला माहीत आहे.

नवी पद्धत : मॅगझिन सुटलं की डाव्या हाताने हवेतच झेलायचं, कमरेच्या पिशवीत टाकायचं, मग नवं काढायचं. दहापैकी सात झेलली. राहिलेली तीन पडली ती माझ्या बुटावर, म्हणजे जमिनीवर नाही. वेळ थोडा जातो. तो मी पळण्यात भरून काढीन.

मर्लिंडाने सराव दोनदा थांबवला. म्हणे मान वळली की हात वळतो, आणि हातात पिस्तूल असतं. नळी कायम निशाणांकडेच पाहिजे. हे ती मला सांगते! पिस्तूल कसं धरायचं ते तिला मीच शिकवलं.

शनिवार, २४ फेब्रुवारी. दुपारी ३.

आठही मॅगझिनं वेगवेगळ्या मोज्यांत गुंडाळून डब्यात ठेवली. कॉफी बंद.

उद्या मी आणि नेनेत एकाच गटात. आमच्या गटावर रेंज ऑफिसर मर्लिंडा. एक नवरा, एक बहीण. ती कुणाची बाजू घेणार नाही हे मला पटतं. थोडी घेतली तर हरकत नाही.

रविवार, २५ फेब्रुवारी. सकाळी ९.१०.

पहिली स्टेज, म्हणजे फेरी. पाचही मॅगझिनं झेलली. मी पुढे.

१०.२५. दुसरी, तिसरी. नेनेतने एक निशाण चुकवलं. माझ्याकडे बघून हसलीसुद्धा नाही. म्हणजे घाबरली आहे. मी चार सेकंदांनी पुढे.

११.३०. शेवटची स्टेज उरली. डावीकडे पळायचं, भिंतीच्या टोकाशी मॅगझिन बदलायचं. नेमकं तिथे गटाराचं सिमेंटचं झाकण आहे. खडीपेक्षा वाईट. कोपरा पडला तर ओठ गेलेच. तीन आणि पाच नीट केल्यापासून जपूनच ठेवली आहेत, तिथेही नकोत. चार वापरतो.

दुपारी ४. घरी.

बाद.

फक्त झालं ते लिहितो. पळालो, मॅगझिन सोडलं, डावा हात हुकला. ते झाकणाकडे चाललेलं दिसलं. मी झेप घेतली. झेप नव्हे, वळलो. तेवढ्यात मर्लिंडा म्हणाली, "थांब." नेहमीच्याच आवाजात. मग म्हणाली, "हलू नकोस. नळी निशाणांकडे ने. आता रिकामं कर." पिस्तूल रिकामं करून दाखवलं, कमरेच्या होल्स्टरमध्ये ठेवलं. तिने वहीत लिहिलं, सही केली, माझी घेतली.

बोट ट्रिगरवर नव्हतं. हे मी तिथे सर्वांना सांगितलं. नवं मॅगझिनही घातलं नव्हतं. नळीत मात्र एक गोळी होती. ती असतेच.

नेनेतने शेवटची स्टेज पूर्ण केली. टीममध्ये ती गेली. माझं अभिनंदन घेतलं नाही, बहिणीपाशी जाऊन उभी राहिली.

सोमवार, २६ फेब्रुवारी.

क्लबला पत्र लिहायला घेतलं. मुद्दे : झाकणाची जागा चुकीची. गाद्यांना ऐनवेळी बंदी, त्यामुळे सरावात खंड. वळलो ते जेमतेम अर्धा सेकंद.

पत्र मर्लिंडाला वाचून दाखवलं. ती भांडी पुसत होती. पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी तुझ्या डाव्या खांद्यामागे उभी होते, तेरियो. तू मॅगझिनकडे बघत होतास. मी नळीच्या भोकाकडे बघत होते."

पुन्हा भांडी पुसायला लागली.

बुधवार, २८ फेब्रुवारी.

पत्र पाठवलं नाही. मुद्दे कच्चे होते असं नाही.

पाच वेळा तिला विचारलं, खरंच का, नळी पूर्ण तुझ्याकडे? पाचव्यांदा तिने आपल्या छातीवर, बटणाच्या जरा वर, बोट ठेवून दाखवलं. त्यानंतर विचारलं नाही.

दवाखान्यात आज दोन पेशंट उद्यावर ढकलले.

शुक्रवार, १ मार्च.

नेनेत घरी आली, मोठा लापू-लापू मासा घेऊन. चांगली वागली, त्याने जास्त त्रास झाला. मी तिला माझी आठही मॅगझिनं देऊ केली. इलोइलोला ने म्हटलं, बाकोलोदमध्ये यांच्याइतकी स्वच्छ मॅगझिनं कुणाची नाहीत. तिने अंगणात एकेक भरून बघितलं. तीन आणि पाचमधून वरची गोळी पुढे सरकेना. ओठ फार आत आलेत मानोंग, म्हणाली. पक्कड लावलीस का?

म्हटलं, नाही.

रविवार, ३ मार्च. दुपारी.

नळी अशी वळवून बाद झालेल्याला पुन्हा मॅचला उभं राहण्याआधी नवशिक्यांच्या वर्गात बसावं लागतं. आम्ही सात जण. कॉलेजची दोन मुलं, एक औषधवाली, आणि दुमानकास बाई. बाईंनी मला ओळख दाखवली आणि तोंड मिटून घेतलं.

शिकवायला मर्लिंडा. पिस्तुलं रिकामी, मॅगझिनं रिकामी. सगळ्यांसारखंच मलाही नावाने पुकारलं : डॉक्टर पालमारेस, पुढे या. डोळे निशाणावर. मॅगझिन सोडा. खाली बघायचं नाही.

सोडलं. खडीवर वाजलं. बघितलं नाही. ती माझ्या डाव्या खांद्यामागे उभी होती.

दहा वेळा करायला लावलं. दहाव्यांदा पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवल्यावर तिने स्वतः वाकून मॅगझिन उचललं, आपल्या शर्टाला पुसलं आणि माझ्या हातात दिलं. मी ते सगळीकडून फिरवून पाहिलं.

त्याला काहीही झालं नव्हतं.

ती म्हणाली, पुढचे कोण?