तळ्याचा तळ गेला त्याची हकीकत

जोव्हेलिनाताईला धाकट्या एरोतिदेसचा नमस्कार. आशीर्वाद दे, आणि रागात असशील तर आधी आशीर्वाद दे, मग पुढं वाच. तुझा डावा गुडघा कसा आहे? रेसिफेत मुलाच्या त्या नवव्या मजल्यावर लिफ्ट चालू असते ना? इथं सगळं क्षेम आहे. शेळ्या बऱ्या, मक्याचं बियाणं निवडून ठेवलंय, माझं पोट नेहमीप्रमाणे बिघडलेलं आहे.

तर विषय तळ्याचा. दोन वर्षांपूर्वी बसमध्ये चढताना अख्ख्या थांब्यासमोर तू म्हणालीस, की या डबक्यात बेडकालाही गुडघे टेकून पोहावं लागतं, गळ टाकला की जलपर्णीच हाती येते, आणि यात पुरुषभर पाणी झाल्याशिवाय तू गावात परत पाय ठेवणार नाहीस. (हसणाऱ्यांत ड्रायव्हरही होता.) मला ते फार लागलं. खरं सांगायचं तर तू गेल्याचं जास्त लागलं, पण त्यावर माझ्या हातात काही उपाय नव्हता. तळ्यावर होता.

फेब्रुवारीत पाणी सोडून दिलं आणि जलपर्णी उपसायला घेतली. आठ दिवस लागले. शेळ्यांपुढं टाकली, तर त्यांनी ती हुंगून माझ्याकडं असं पाहिलं की मी त्यांची माफी मागितली. मासे तुझ्या घरामागच्या पाण्याच्या टाकीत हलवले. (झाकणाचं कुलूप तोडलेलं नाही. कडी उचकटली. कुलूप शाबूत आहे, कडीसकट तुझ्या ओट्यावर ठेवलंय.) तिलापिया तिथं खुशीत राहिले. ती थोरली दातवाली त्राइरा मात्र वेगळी पिंपात ठेवावी लागली, नाहीतर टाकीत ती एकटीच उरली असती.

मग आमारो आपलं खोदायचं यंत्र घेऊन आला. तोच आमारो, जो कोणत्याही कामाला दोन तास सांगतो आणि तिसऱ्या दिवशी जेवायलाही थांबतो. त्यानं दुपारपर्यंत गळ्याइतकं खणलं आणि विचारलं, बस का? आता, ताई, माणसानं बस कधी म्हणावं हे मला लहानपणापासून कळत नाही, तुला माहीतच आहे (आठव, पेरूंची ती पाटी आणि त्यानंतरचे माझे दोन दिवस). मला बसच्या पायरीवरची तू दिसत होतीस. मी म्हटलं, "अजून थोडं." आमारोनं थोडं खणलं. मी म्हटलं, "अजून." तेव्हा तो यंत्र बंद करून खाली उतरला, मूठभर माती उचलून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "एरोतिदेसभाऊ, चिकणमाती संपली. ही वाळू आहे. आता हे तळं नाही, ही चाळण झाली." मला पटेना. मी वीस बादल्या पाणी ओतलं. एकविसावी आणायला पाठ फिरवली आणि परत येतो तो तळ कोरडा.

दोन दिवस मी जेवलो नाही. (तिसऱ्या दिवशी दोन दिवसांचं जेवलो.) संत जोसेफच्या सणाला आठवडा राहिलेला. त्या दिवशी पाऊस आला की वर्ष चांगलं जातं, आणि इथं तो येऊन सरळ पाताळात जाणार. शेवटी कितेरियामावशी काठी टेकत काठावर आल्या. त्यांनी बराच वेळ आत पाहिलं, मग तितकाच वेळ माझ्याकडं पाहिलं. म्हणाल्या, "घराची जमीन कशी बसवतो रे आपण? माती पसरून, पाणी शिंपडून, वर नाचूनच ना? मग हे बिनछपराचं घर समज. माती आण, बकरा काप आणि लोकांना बोलव."

आमारोनं टेकडीखालची चिकणमाती आणून तळभर अंथरली, आणि रविवारी सकाळी चार वाड्यांवरची माणसं लाकडी पायताणं घालून तळ्यात उतरली. इतकी माणसं आपल्या घरी तुझ्या लग्नालाही नव्हती. मावशी मधोमध खुर्ची टाकून बसल्या, खंजिरी घेतली आणि पहिलं गाणं माझ्यावरच रचलं:

एरोतिदेस खणतो तळं खरं,
खालून सैतान ओरडतो, छप्पर माझं गळतंय बरं.

चारशे पायांनी एकदम ताल धरला. काठावरचा कॉफीचा हंडा हलत होता. लोक हे कडवं इतकं आवडीनं झेलत होते की मावशींनी दुसरं रचायचे कष्टच घेतले नाहीत. दुपारपर्यंत मी पाताळापर्यंत नावाजलेला माणूस झालो. मीही नाचलो, ताई. हसू नकोस, इथं सगळे हसून झालेत. सगळ्यांचा उजवा पडायचा तेव्हा माझा डावा पडायचा. एक पायताण चिखलात रुतून बसलं ते निघेना. मावशी म्हणाल्या, "राहू दे, तेवढंच एक भोक बुजलं." आमारो त्यांच्यासमोर असा काही गिरक्या घेत होता की त्यांनी त्याला वयाची आठवण करून दिली. स्वतःच्या नाही, त्याच्या. मी इतका आनंदात होतो की मला मधेच रडू आलं, पण सगळेच घामानं निथळत होते, म्हणून खपून गेलं.

आणि सणाच्या दिवशी पाऊस आला. आम्ही सगळे भिजत काठावर उभे राहून तळ बघत होतो, आणि पाणी राहिलं. कॉफीसारखं लालसर, आज माझ्या छातीला लागतंय. मासे परत सोडले. (त्राइरा सोडताना आमारोच्या बोटाला चावली. बोट आहे.) एवढंच तुझ्या कानावर घालायचं होतं. पत्राचा दुसरा काही हेतू नाही.

तुझा धाकटा,
एरोतिदेस

ता. क. रविवारी बकरा आंब्याखाली शिजत होता, त्यामुळं नाचणारे सगळे त्याच बाजूला नाचले. पलीकडच्या कोपऱ्यात ऊन होतं, तिथं कोणी फिरकलं नाही. हे आता लक्षात येतंय. काल पत्र सुरू केलं तेव्हा पाणी छातीला होतं. आज पाकीट शोधेपर्यंत दोन बोटं खाली गेलंय. लोकांना मी उन्हाचं कारण सांगितलंय.

आणखी ता. क. आमारो म्हणतो, तीन आठवडे निघतील. म्हणजे तू पंधरा दिवसांत निघालीस तर तुला तळं बऱ्यापैकी भरलेलं दिसेल. तेवढं एकदा बघ. मग आटलं की मला काय बोलायचं ते बोल. इथंही लोक मला मूर्ख म्हणतात गं, पण वरवर म्हणतात. मनापासून म्हणणारं घरात कोणी राहिलं नाही.